मुके कुत्रे आणि चावरे कुत्रे

शास्त्रभाग : यशया ५६:१०-११, मत्तय १५:२१-२८



वर दिलेले दोन्ही शास्त्रभाग प्रथम आपापल्या पवित्र पुस्तकातून वाचावेत व मग पुढे यावे, अशी माझी विनंती आहे. ज्यांस वाचता येत नाही त्यांनी घरातील लेकराकडून वाचवून घ्यावेत. पहिल्या भागात यशया संदेष्टा आपल्या काळच्या पहारेकऱ्यांस कुत्र्यांची उपमा देतो. कुत्रा राखणीस ठेवावा, आणि त्याने चोर आला तरी तोंड उघडू नये, दिवसभर सावलीत पडून राहावे, व भाकरीच्या वेळी मात्र सर्वांच्या आधी उठावे, अशी त्या पहारेकऱ्यांची गत झाली होती. दुसऱ्या भागात परक्या जातीची एक बाई आपल्या लेकीसाठी प्रभूच्या मागे लागते, आणि कुत्र्यांचा विषय निघतो तेव्हा ती रागावून निघून जात नाही.

हे भाग मी आजवर पुष्कळ वेळा वाचले व त्यांवर उपदेशही केला. परंतु ते माझ्या स्वतःच्या अंगास लागले ते परदेशी एका कुरणात, डोक्यावर पाऊस व हातात नातवंडांच्या कुत्र्याची दोरी अशा स्थितीत. ती हकीकत आज सांगतो.

माझी धाकटी लेक परिचारिका आहे. ती इंग्लंडात यॉर्कशायर परगण्यात नोकरीस असते. तिच्याकडे मी व माझे कुटुंब दोन महिने राहून आलो. घरात लेक, जावई, दोन नातवंडे आणि मोती. मोती हा कुत्रा. त्याच्या जातीचा काही पत्ता लागत नाही. कान एका जातीचे, पाय दुसऱ्या जातीचे, व आवाज तिसऱ्याच कोणाचा. शेजारच्या म्हाताऱ्या बाई त्यास ‘मोटी’ म्हणतात, कारण आपला ‘त’ त्यांच्या जिभेस साधत नाही. आणि तो दोन्ही नावांना सारखाच येत नाही.

ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस जावई म्हणाले, “मामा, उद्या सुट्टी आहे. डोंगराकडे शेतकऱ्यांचे प्रदर्शन भरते, ते तुम्हांला दाखवितो.” नातवाने लागलीच विचारले, “मोती येणार ना?” त्यावर माझे कुटुंब म्हणाले, “कुत्र्याला कुठं माणसांत न्यायचं? राहू दे घरी राखणीला.” मुलाचे तोंड उतरले. तेव्हा मला आमच्या लहानपणची बैलगाडी आठवली. गाडी जत्रेस निघाली म्हणजे कुत्र्यास कोणी बोलावीत नसे. तो आपण होऊन दोन चाकांच्या मध्ये, गाडीच्या सावलीत चालू लागे, आणि मुक्कामावर पोहोचल्यावरच कोणाच्या तरी ध्यानात येई की हाही आला आहे. आपल्या प्रोटेस्टंट पवित्र शास्त्रात ज्याचा समावेश नाही अशा एका जुन्या यहूदी ग्रंथात तोबीत नावाच्या भक्ताची कथा आहे. तिच्यातही तोबीताचा मुलगा लांबच्या प्रवासास निघतो तेव्हा घरचा कुत्रा त्याच्याबरोबर चालतो, व परततानाही बरोबर असतो. त्या कुत्र्यास कथेत काहीच काम नाही. तो फक्त घरचा आहे म्हणून बरोबर आहे. हे मी सांगितले तेव्हा घरच्या मंडळींनी हात टेकले, व मोती गाडीत बसला.

असली प्रदर्शने म्हणजे काय हे थोडक्यात सांगितले पाहिजे. आपल्याकडे देवाच्या जत्रेबरोबर बैलबाजार भरतो. तिकडे तसा देवाचा मेळा नसतो. उन्हाळ्याच्या दिवसांत खोऱ्याखोऱ्यांतील शेतकरी आपली मेंढरे, गाई, घोडे, भाजीपाला व मुरंबे घेऊन एखाद्या कुरणात जमतात, परीक्षक सर्व पाहून बक्षिसाच्या रंगीत फिती देतात, आणि संध्याकाळी तंबू उतरतात. यॉर्कशायरच्या कृषिसंस्थेने आपले पहिले मोठे प्रदर्शन १८३८ साली भरविले. वॉर्फ नदीच्या खोऱ्यात किल्न्सी म्हणून लहानसे गाव आहे, तेथील प्रदर्शन १८९७ सालापासूनचे आहे, आणि त्या दिवशी तरुण लोक समोरच्या उभ्या कड्यावर धावत चढून खाली येण्याची शर्यत लावतात. आम्ही गेलो ते त्याच मुलखातील, पण त्याहून बरेच लहान प्रदर्शन होते.

मला सर्वांत आवडल्या त्या मेंढपाळांच्या काठ्या. मेंढ्याचे शिंग तापवून, दाबून व वाकवून तिची मूठ करतात, आणि ती इतकी गुळगुळीत घासतात की तीत तोंड पाहावे. एका बाजूस चार माणसे चुना किंवा सिमेंट न घेता नुसत्या दगडांची भिंत रचीत होती. परीक्षक येऊन तिच्यावर हात ठेवून हालवून पाही. मेंढरांच्या कोंडाळ्यांत स्वेलडेल जातीची मेंढरे उभी होती, काळे तोंड, नाकाशी पांढरे, आणि मादीसही शिंगे. त्यांची लोकर मला तांबूस दिसली म्हणून विचारले, तेव्हा कळले की प्रदर्शनास आणण्यापूर्वी डोंगरावरील दलदलीची तपकिरी माती त्यांच्या अंगास लावतात. माझे कुटुंब हळूच म्हणाले, “आपली माणसं नाताळच्या उपासनेला येतात तशी.” मी काही बोललो नाही. माझ्या स्वतःच्या अंगावर त्या दिवशी इस्त्रीचा कोट होता.

दुपारी मुलांच्या पाळीव कुत्र्यांची चढाओढ होती. कोणाची शेपटी अधिक हालते, कोणाचे डोळे अधिक भोळे, असे गमतीचे विषय त्यांत होते. आमच्या नातवाने ते सर्व सोडून ‘आज्ञाधारक कुत्रा’ हा विषय निवडला. आम्ही त्यास परोपरीने सांगितले, परंतु त्याचा मोतीवर विश्वास होता. आठ-दहा मुले आपापले कुत्रे घेऊन गोलात उभी राहिली. परीक्षक बाईंनी सांगितले, कुत्र्यास बसवा. सर्व बसले; मोतीने पाठ फिरविली. सांगितले, आता दहा पावले दूर जा व हाक मारा. नातवाने दोरी सोडली, दहा पावले मोजली, व वळून हाक मारली. मोती निघाला खरा, पण नातवाकडे नव्हे. गोलाबाहेर एक मनुष्य तव्यावर मांस भाजून पावात घालून विकीत होता, तिकडे. लोक हसले. त्यात दुष्टपणा नव्हता, परंतु नऊ वर्षांच्या मुलास ते कसे कळावे?

जावयांनी कुत्र्यास धरून आणले, व लाजेपोटी त्याच्यावर दोरी उगारली. तेव्हा मुलगा मध्ये शिरला. रडत होता, तरी स्पष्ट बोलला, “त्याला मारू नका, पप्पा. तो वाईट नाही. मीच त्याला शिकवलं नाही.”

बंधूंनो, हे शब्द तुम्ही जरा जपून ठेवावेत. मला ते त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत दोनदा उपयोगी पडले, आणि तेव्हापासून ते माझ्या मागे लागले आहेत.

तेथून आम्ही कुरणाच्या वरच्या अंगास गेलो. तेथे धनगरी कुत्र्यांची परीक्षा चालली होती. उतारावर एका वृद्ध शेतकऱ्याशेजारी जागा मिळाली. त्याच्या पायांशी एक काळापांढरा कुत्रा इतका निश्चल बसला होता की मोतीने त्याचा वास घेतला तरी त्याने मान वळविली नाही. त्या वृद्धाने मला परदेशी पाहून आपण होऊन सर्व समजावून सांगितले. पुढचे बरेचसे त्याच्याच तोंडचे आहे.

मेंढपाळ एका खुंटाजवळ उभा राहतो. दूर, पार टेकडीच्या अंगास, चार-पाच मेंढरे सोडलेली असतात. तो कुत्र्यास सोडतो. आता तुम्हांस वाटेल की कुत्रा सरळ मेंढरांकडे धावेल. तसे केले तर तो हरला. त्याने लांबचा वळसा घ्यावयाचा, इतका लांब की मेंढरांस तो येतो हे कळूही नये, आणि त्यांच्या पाठीशी जाऊन थांबावयाचे. मोठ्या सामन्यांत प्रत्येक परीक्षकाजवळ शंभर गुण असतात, त्यांपैकी वीस या वळशाचेच. मग दहा गुण केवळ एका क्षणाचे: मेंढरे प्रथम कुत्र्यास पाहतात व जागेवरून उठतात तो क्षण. तेथे कुत्रा अधीर झाला तर मेंढरे उधळतात, भ्याला तर ती त्याच्याकडे पाहून पाय आपटतात. पुढे वीस गुण ती सरळ रेषेत धन्यापर्यंत आणण्याचे. आणि सर्वांत अधिक, म्हणजे तीस, त्यांना धन्यापासून दूर, नेमून दिलेल्या फाटकांतून हाकीत नेण्याचे. याचे कारण वृद्धाने असे सांगितले की मेंढरे धन्याकडे आणणे हे या जातीच्या रक्तातच आहे, परंतु धन्याकडे पाठ करून, त्याचा नुसता आवाज ऐकत, त्यांना दूर नेणे हे शिकविल्यावाचून येत नाही. शेवटी दहा गुण कळपातून नेमकी मेंढरे वेगळी काढण्याचे, व दहा त्यांना लाकडी वाड्यात घालून फाटक लावण्याचे.

हा सर्व वेळ मनुष्य केवळ शीळ घालतो व दोनचार शब्द बोलतो. वाड्याजवळ येईपर्यंत तो खुंट सोडीत नाही. माझ्या मनात आपल्या माळावरचा धनगर उभा राहिला. आपला धनगर पुढे चालतो, व मेंढरे त्याच्या आवाजामागे जातात. प्रभूने योहानाच्या दहाव्या अध्यायात वर्णिलेला मेंढपाळही तसाच पुढे चालणारा आहे. आपल्याकडे कुत्रा असतो तो लांडग्यासाठी, रात्री वाघरीभोवती जागण्यासाठी. तिकडे लांडगा शेकडो वर्षांमागेच नाहीसा झाला, म्हणून कुत्र्यास दुसरे काम आले. दोन्ही कामे खरी आहेत. आपल्या मंडळ्यांस दोन्हींची गरज आहे, आणि त्यांपैकी कोणते केव्हा करावयाचे हे न कळल्यामुळेच पुष्कळ घात होतो.

अशी परीक्षा ब्रिटनमध्ये प्रथम भरविल्याची नोंद १८७३ सालच्या ऑक्टोबर महिन्याची, वेल्स देशातील बाला गावची आहे. रिवलस येथील जमीनदार लॉईड प्राइस यांनी ती भरविली. वेल्समधील यजमानांची मान थोडी खाली गेली असावी, कारण जिंकला तो तेथे राहणारा एक स्कॉटलंडचा मनुष्य, आणि त्याचा लहानसा कुत्रा ट्वीड. पुढे १९०६ साली या कामास वाहिलेली सर्व देशांची एक संस्थाही निघाली.

परंतु ज्या कुत्र्याची गोष्ट त्या वृद्धाने मोठ्या आदराने सांगितली तो दुसराच. १८९३ साली नॉर्थंबरलंड परगण्यात ॲडम टेल्फर नावाच्या शेतकऱ्याकडे तो जन्मला. त्याचे नाव हेम्प. त्याचा बाप रॉय हा मोकळ्या, प्रेमळ स्वभावाचा, पण कामात बेताचा. आई मेग ही बुजरी, अबोल, परंतु तिच्या डोळ्यांत असा जोर की मेंढरांनी तिच्यापुढे थिजावे. या दोघांचे मिळून जे झाले ते हेम्प. तो भुंकत नसे, चावत नसे, धावपळ करीत नसे; त्याची नुसती नजर पुरे होई, आणि मेंढरे त्यास भीत नसत, ऐकत असत. १९०१ साली तो मेला, परंतु आज जगात या जातीचे जे कुत्रे आहेत ते जवळजवळ सर्व त्याच्याच वंशातले समजले जातात. उपदेशक बंधूंनो, आपल्यामध्ये रॉय पुष्कळ आहेत. सर्वांशी गोड बोलतात, प्रत्येक घरी चहा घेतात, आणि मंडळी आहे तेथेच चरत राहते. मेगही आहेत. त्यांची नजर अशी की लहान मुले उपासनेत खोकण्यास भितात.

आता त्या दिवशी काय झाले ते ऐका. एक दांडगा, तरणा कुत्रा मैदानात उतरला. वळसा उत्तम घेतला, मेंढरे सुरेख आणली. वाड्याजवळ आल्यावर एक म्हातारी मेंढी वळून उभी राहिली. ती काही केल्या आत शिरेना. कुत्रा पुढे झाला, ती हालली नाही. आणि एकाएकी त्याने झेप घेऊन तिच्या मांडीस दात लावले. परीक्षकाने तत्काळ हाक देऊन सामना थांबविला. झाले, इतके गुण मिळविले होते ते सर्व गेले. मी त्या वृद्धास विचारले, “रक्त तर आले नाही, मग एवढी शिक्षा?” तो म्हणाला की ज्याची ताकद संपते तोच चावतो, आणि एकदा चावलेली मेंढी पुढे कोणत्याही कुत्र्यापुढे नीट चालत नाही.

मी त्या तरण्या कुत्र्याचा धनी काय करतो हे पाहत होतो. मला वाटले, आता काठी बसणार. वर्षभराची मेहनत वाया गेली होती. तो मनुष्य खुंटाजवळून सावकाश चालत गेला, पुरे, एवढेच म्हणाला, आणि कुत्रा पोट जमिनीस लावून त्याच्याजवळ आला. त्याने वाकून त्याच्या डोक्यावर हात ठेवला, व दोघे उतारावरून बाहेर निघाले. तो आमच्या जवळून गेला तेव्हा वृद्धाने त्यास काही सांत्वनाचे शब्द बोलले. त्यावर तो जे बोलला ते माझ्या लेकीने मला समजावून दिले: “चूक माझी. त्याला वाड्याजवळ धीर धरायला मी शिकविलं नाही.” नातवाने ते ऐकून माझ्याकडे पाहिले.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, पाळकसाहेब, आम्हां उपदेशकांस आपण कुत्र्याच्या पंक्तीस बसविता काय? प्रश्न रास्त आहे, आणि आपल्या लोकांनी तो विचारला तर अधिकच रास्त आहे. आपल्या आजोबा-पणजोबांस गावाने काय म्हटले हे तुम्हांस कोणी सांगावयास नको. ज्या पाणवठ्यावर गावचे कुत्रे निर्धास्त तोंड लावी, तेथे त्यांच्या ओंजळीस बंदी होती. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांस घेऊन गेले ते याच पाण्यासाठी. अशा लोकांपुढे कुत्र्याची उपमा घेताना माझी जीभ अडखळते, आणि अडखळावी हेच योग्य.

म्हणूनच मत्तयाच्या पंधराव्या अध्यायातील ती कनानी बाई मला आपल्या घरातली वाटते. तिच्या पुढ्यात तो कठोर शब्द आला तेव्हा तिने तो उचलून पाहिला. ग्रीक भाषा जाणणारे सांगतात की तेथे गावभर हिंडणाऱ्या कुत्र्यांचा शब्द नसून घरातल्या लहान कुत्र्यांचा शब्द आहे. बाईने नेमके तेच धरले. घरातला कुत्रा म्हणजे मेजाखालचा कुत्रा. मेजाखालचा म्हणजे घराच्या आतला. ज्या शब्दाने तिला बाहेर ठेवावयाचे होते त्याच शब्दाने ती आत येऊन बसली, आणि प्रभूने तिच्या विश्वासाची जी वाखाणणी केली ती फार थोड्यांच्या वाट्यास आली आहे. तेव्हा मला ती उपमा आता टोचत नाही. प्रभूच्या घरात मेजाखाली जागा मिळाली तरी ती आतच आहे. मात्र यशयाने म्हटलेले कुत्रे तसे नव्हेत. त्यांस घरात जागा होती, पोटभर अन्न होते, आणि मेंढरे त्यांच्या हवाली होती.

तो वृद्ध शेतकरी आणखी एक गोष्ट बोलला. २००१ साली ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली, व ती थांबविण्याकरिता साठ लाखांहून अधिक जनावरे मारण्यात आली. त्या वर्षी प्रदर्शने भरली नाहीत. त्याचाही सर्व कळप एका दिवसात गेला. त्यांत आजारी एकही नव्हते, शेजारच्या शेतात रोग निघाला म्हणून. “मी घरात बसलो,” तो म्हणाला, “पण कुत्र्याला कोण सांगणार? तो रोज पहाटे कुरणाच्या फाटकाशी जाऊन बसे, आणि मी कधी येतो म्हणून मागे वळून पाही. कित्येक आठवडे.” एवढे बोलून त्याने विषय बदलला.

हे ऐकत असताना माझ्या मनात एक बाई आली. तिची गोष्ट सांगितल्यावाचून हा उपदेश पुरा होणार नाही, म्हणून लाज बाजूस ठेवून सांगतो.

आमच्या मंडळीत एक विधवा बहीण होती. मुलगा व सून ऊसतोडीस गेलेली, घरी दोन नातवंडे व सात-आठ शेळ्या. ती सलग तीन रविवार उपासनेस आली नाही. चौथ्या रविवारी आली ती उशिरा, आणि अंगावर रानातले लुगडे. मी उपदेश थांबविला. सर्वांदेखत तिचे नाव घेतले, व विचारले की प्रभू मोठा की शेळ्या मोठ्या. मला माझा तो प्रश्न तेव्हा फार मार्मिक वाटला. पुढच्या बाकावरील काही जण हसलेही. ती काही बोलली नाही. पदर सावरून उठली व निघून गेली. त्यानंतर ती आली नाही. दोन वर्षे मी वस्तीवर गेलो नाही; उलट लोकांस सांगत राहिलो की बाई विश्वासात मागे पडली. शेवटी तिचे नाव वहीतून कमी केले. हात माझाच होता.

त्याच मंडळीत, त्याच पुढच्या बाकावर, एक सुखवस्तू गृहस्थ बसत असत. मंदिरावरील पत्रे त्यांच्या पैशाने आले. त्यांनी आपल्या सुनेस पैशापायी माहेरी घालविले होते. हे साऱ्या गावास ठाऊक होते, मला तर तिच्या बापाने रडून सांगितले होते. त्यावर मी उपासनेत, किंवा त्यांच्या घरी जेवावयास बसलो असता, एक शब्दही काढला नाही. संधी पाहून बोलू, असे मनाशी म्हणत राहिलो. संधी पुष्कळ आल्या. जेवणेही पुष्कळ झाली.

पाहा, मी समजत होतो की मुका कुत्रा वेगळा आणि चावरा कुत्रा वेगळा. यशयाने एकाचे वर्णन केले, त्या कुरणात मी दुसरा पाहिला. परंतु त्या उतारावर, पावसात भिजत, मला दिसले की ते दोन्ही एकच जनावर आहे व त्याने माझा कोट घातला आहे. लांडगा दाराशी आला तेव्हा ज्याच्या तोंडून आवाज निघाला नाही, त्याचेच दात म्हाताऱ्या मेंढीच्या मांडीस लागले. त्या बाईकडे मी लांबच्या वळशाने गेलो असतो, रविवारी नव्हे तर मधल्या वारी, मंदिरात नव्हे तर रानात, तर मला पहिल्याच दिवशी कळले असते की त्या तीन रविवारी धाकटे नातवंड तापाने पडले होते. हे मला पुढे तिसऱ्याकडून कळले. आणि शिकविले कोणी होते तिला, की अशा वेळी पाळकास निरोप धाडावा, तो येईल, बसेल, प्रार्थना करील? मीच शिकविले नाही.

परतीच्या वाटेवर मोती मागच्या बाकावर दोन्ही मुलांच्या मांड्यांवर पसरून झोपला. त्यास एकही फीत मिळाली नव्हती. नातवाने मध्येच विचारले, “आजोबा, उद्यापासून त्याला रोज शिकवू का?” मी म्हटले, “शिकीव. पण आधी त्याचं पोट भर.” माझे कुटुंब हसले. मी खिडकीबाहेर पाहत होतो.

गावी आल्यावर मी प्रथम त्या गृहस्थांकडे गेलो. तेथे काय बोलणे झाले ते मंडळीच्या पंचांपुढे आहे, म्हणून येथे लिहीत नाही. इतकेच सांगतो की त्या दिवशी मी त्यांच्या घरी जेवलो नाही.

मग एका बुधवारी त्या बहिणीच्या वस्तीवर निघालो. मोठा रस्ता सोडून ओढ्याच्या अंगाने गेलो. पोहोचलो तेव्हा दिवस मावळत होता व शेळ्या नुकत्याच रानातून परतल्या होत्या. एक लाल कुत्रे भुंकत माझ्यावर धावून आले. मी जागीच उभा राहिलो. पुढेही झालो नाही, धोंडाही उचलला नाही. बाईने आतून हाक दिली, तेव्हा ते तिच्या पायांशी जाऊन बसले. तिने मला ओळखले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मी म्हटले, “बाई, त्या दिवशी मी चुकलो. ते सांगायला दोन वर्षं उशिरा आलो.” तिने त्यावर हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. भिंतीवरची घोंगडी काढून ओट्यावर अंथरली, व म्हणाली, “बसा, पाळकसाहेब. शेळ्या बांधून येते.”

मी बसलो नाही. कोट काढून घोंगडीवर ठेवला, आणि तिच्याबरोबर शेळ्या बांधू लागलो. एक शेळी माझ्या हातास येईना; ती कशी धरावी हे तिने मला दाखविले.